पत्तरस : विनयपिटकातील पानांची औषधे, पोटाचे विकार आणि सिंदेवाहीचे रान

पोटातील व्रणावर, म्हणजे ज्याला आता खेड्यापाड्यांतही 'अल्सर' असेच म्हणतात त्यावर, झाडपाल्याचा उपाय भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवला होता आणि आजचे विज्ञान त्याचीच री ओढीत आहे, असे विधान आपल्या उपासकवर्गात अधूनमधून ऐकावयास मिळते. विधान करणारा बहुधा महावग्गाचा हवाला देतो. त्याला विरोध करणारा सुशिक्षित तरुण हे सारे थोतांड असल्याचे सांगून मोकळा होतो. दोघांपैकी कोणीही मूळ पाठ उघडून पाहिलेला नसतो, ही खेदाची गोष्ट आहे. पाठ उघडून पाहिल्यास दोघांचीही विधाने टिकत नाहीत. परंतु जे हाती लागते ते या दोन्ही विधानांपेक्षा अधिक मोलाचे आहे, असे माझे मत आहे. ते काय, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही परिसराचे रान डोळ्यांसमोर ठेवले आहे, कारण विनयात आलेल्या वनस्पतींपैकी बऱ्याच वनस्पती तेथील माणसाला पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत.

महावग्गाचा सहावा खंधक 'भेसज्जक्खंधक' या नावाने ओळखला जातो. त्याचा आरंभ सावत्थीत होतो. शरद ऋतूतील आजाराने भिक्खू ग्रस्त झाले होते. घेतलेली पेज उलटून पडे, अन्न ठरत नसे, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या होत्या. त्यावर तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी या पाच पदार्थांना औषध म्हणून अनुज्ञा मिळाली. हे पदार्थ औषध आहेत, शक्ती देतात, पण लोक त्यांना जड अन्न मानीत नाहीत, असा विचार तेथे मांडलेला आहे. त्यानंतर एकेका आजाराच्या निमित्ताने यादी वाढत जाते : मुळे, कषाय, पाने, फळे, डिंक, लवणे. पानांच्या गटात पाच नावे येतात. निंब, कुटज, पटोल, सुलसी आणि कप्पास. चौथ्या नावाचा पाठ काही आवृत्त्यांत 'सुलसी' तर काहींत 'सुरसी' असा आहे. संस्कृतातील 'सुरसा' लक्षात घेता ती तुळसच होय. निंब म्हणजे आपला कडूनिंब, कुटज म्हणजे कुडा, पटोल म्हणजे कडू पडवळ आणि कप्पास म्हणजे कापूस. यादी येथे संपत नाही. याशिवाय जी अन्य पाने औषधी असतील आणि जी खाद्य म्हणून किंवा भोजन म्हणून उपयोगात येत नसतील, ती सर्व चालतील, असे शेवटी म्हटले आहे.

हे शेवटचे वाक्य अभ्यासकांनी नीट वाचले पाहिजे. येथे पानाची व्याख्या त्याच्या नावावरून, रंगावरून किंवा ते कोणत्या देवतेला प्रिय आहे यावरून केलेली नाही. ते कशासाठी वापरले जाते, एवढीच कसोटी आहे. अशी पाने घेऊन आयुष्यभर जवळ ठेवता येतात. मात्र कारण असेल तरच वापरावयाची. कारण नसताना वापरल्यास दुक्कटाचा दोष. आजार हेच कारण, दुसरे नाही. कारण नसताना खाल्लेले औषध हा दोष ठरविणारा नियम आजच्या काळात, जेव्हा डोकेदुखीची गोळी शेंगदाण्यासारखी खाल्ली जाते, किती समयोचित आहे हे वेगळे सांगावयास नको.

पाच नावांचा क्रमही बोलका आहे. ज्या तुळशीभोवती आपल्या समाजात वृंदावन, विवाह आणि प्रदक्षिणा उभी राहिली, ती येथे कापसाच्या पानाच्या शेजारी बसविली आहे. ज्या निंबाचा पाला गुढीला बांधतात, तो रानातल्या कुड्याच्या शेजारी आहे. कोणत्याही पानाबरोबर मंत्र दिलेला नाही, तोडण्याचा मुहूर्त सांगितलेला नाही. मुळे कुटण्यासाठी पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ आणि चाळणी यांना मात्र स्वतंत्र अनुज्ञा दिलेली आहे. औषध ही वाटून, चाळून, उकळून तयार करावयाची वस्तू आहे, हा दृष्टिकोन त्यामागे आहे.

याच्या उलट बाजूस मनुस्मृती काय म्हणते हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला न बोलावण्याच्या लोकांत चिकित्सक येतो आणि चौथ्या अध्यायात त्याच्या घरच्या अन्नाची तुलना पुवाशी केली आहे. रुग्णाच्या शरीराला हात लावणारा माणूस अपवित्र, हा त्यातला भाव. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ साली या विषयाची सविस्तर चिकित्सा केली. पुढे केनेथ झिस्क यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, अनुभवावर आधारलेली भारतीय वैद्यकविद्या प्रथमतः श्रमण परंपरेत वाढली आणि बौद्ध विहार हे तिचे एक प्रमुख आश्रयस्थान होते. झिस्क यांच्या सर्व निष्कर्षांशी विद्वानांचे एकमत नाही. तथापि भेसज्जक्खंधकाचा पाठ समोर ठेवून वाचणाऱ्यास त्यांच्या म्हणण्यातील मुख्य मुद्दा नाकारणे कठीण जाते.

आता 'अर्क' या शब्दाकडे येऊ. पानाचा अर्क पोटाच्या व्रणापासून रक्षण करतो असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा विनयात त्याला जवळचे दोन शब्द सापडतात. पहिला 'कसाव'. निंब, कुटज, पटोल, फग्गव आणि नत्तमाल अशी पाच कषाये दिली आहेत. नत्तमाल म्हणजे करंज. दुसरा शब्द 'पत्तरस', म्हणजे पानांचा रस, आणि तो एका रम्य प्रसंगी आला आहे. तथागत आपण या नगरीत आले असता केणिय नावाच्या जटिलाने त्यांच्यासाठी पेये पाठविली. भिक्खूंना ती घ्यावीत की नाही असा संकोच वाटला. तेव्हा आंबा, जांभूळ, केळी, मध, द्राक्ष इत्यादी आठ पेयांना अनुज्ञा देण्यात आली आणि लगोलग एक व्यापक नियम सांगितला गेला. धान्याचा रस सोडून सर्व फळांचा रस, डाकरस सोडून सर्व पानांचा रस, मधुक पुष्पांचा रस सोडून सर्व फुलांचा रस, आणि उसाचा रस चालेल. डाकरस म्हणजे शिजविलेल्या पालेभाजीचा रस, असा अट्ठकथेचा अर्थ आहे. तो जेवणाचा भाग ठरतो म्हणून अपवाद. धान्याच्या रसाचेही तसेच.

परंतु तिसरा अपवाद? मधुक म्हणजे मोह. जगातील सर्व फुलांमधून नेमके मोहफूल वगळणारा हा नियम सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली या पट्ट्यातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली मोहफुले टोपलीत वेचणे, ती वाळविणे, त्यांची भाकरीत किंवा लाट्यात भर घालणे आणि त्यांचीच दारू गाळणे हे सारे या भागात पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. अपवादाचे कारण पाठात दिलेले नाही. पण ते पाचित्तियाच्या एक्कावन्नाव्या नियमाशी जोडून पाहिले म्हणजे उलगडते. तेथे 'मेरय' या शब्दाच्या अर्थात पुष्पासव म्हणजे फुलांपासून केलेले मद्य प्रथम आले आहे. (हा नियम भद्दवतिका नावाच्या ठिकाणी घडलेल्या प्रसंगावरून झाला. नामसाम्यावरून ती आपल्या जिल्ह्यातील भद्रावती असल्याचे सांगण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा. पाठात ती चेतिय जनपदात असल्याचे स्पष्ट आहे. भद्रावतीच्या विजासन लेण्यांना मोठेपणासाठी अशा उसन्या आधाराची गरज नाही.)

नियम कठोर असला तरी आंधळा नाही. पिलिंदवच्छ थेरांना वाताचा विकार झाला तेव्हा वैद्याने तेलाच्या काढ्यात मद्य घालण्यास सांगितले. तशी अनुज्ञा दिली गेली. पण काही भिक्खूंनी मद्याचे प्रमाण वाढविले, तेव्हा ज्या तेलात मद्याचा रंग, गंध आणि चव कळून येणार नाही एवढेच मद्य चालेल, अशी मर्यादा घालण्यात आली. औषधाच्या नावाखाली व्यसन कसे आत शिरते याची ही जाण आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. त्या निर्णयांची चर्चा महसूल, गुन्हे, अंमलबजावणी या अंगांनी पुष्कळ झाली. जठराच्या आतील अस्तराला मद्य थेट इजा करते, हे पानांच्या अर्काची शिफारस करणाऱ्यांनीही आधी सांगावयास हवे. पत्तरस आणि मोहरस एकाच वाक्यात, एक आत आणि एक बाहेर, ठेवणारा पाठ आपल्यापाशी आहे.

आता मूळ प्रश्न. विनयात ज्या पोटाच्या विकारांवर उपचार आले आहेत, त्यांत जठराचा व्रण आहे काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द 'उदरवात' हा होय. राजगृहात स्वतः तथागतांना हा त्रास झाला, तेव्हा आनंदांनी तीळ, तांदूळ आणि मूग यांची पेज करून दिली. (ती आपण होऊन आत साठवून, आत शिजविली म्हणून आनंदांना दोषही दिला गेला.) दुसऱ्या एका भिक्खूला याच विकारावर लोणसोवीरक म्हणजे खारट आंबवलेली कांजी देण्याची अनुज्ञा मिळाली, निरोगी माणसाने ती पाणी घालून पेय म्हणून घ्यावी असेही सांगितले. सारिपुत्तांना उदरवात झाला तेव्हा मोग्गल्लानांनी विचारले, पूर्वी कशाने बरे वाटत असे? उत्तर आले, लसणाने. तेव्हा एरवी निषिद्ध असलेला लसूण आजारापुरता मोकळा झाला. ज्याच्या पोटात उघडा व्रण आहे अशा माणसाला खारट-आंबट कांजी आणि लसूण दिल्यास त्याची आग कमी होणार नाही. हे उपाय पोटात धरलेल्या वायूचे आहेत. शब्दातच 'वात' आहे, तो उगाच नाही.

दुसरा गट जुलाबाचा. ज्या भिक्खूला 'कुच्छिविकार' झाला होता आणि जो आपल्याच मलमूत्रात पडला होता, त्याला तथागतांनी पाणी घातले, आनंदांनी धुतले आणि दोघांनी उचलून खाटेवर ठेवले. हा प्रसंग आपल्या विहारांतून नेहमी सांगितला जातो. महापरिनिब्बानसुत्तातील 'लोहितपक्खंदिका' म्हणजे रक्ती हगवण. कुड्याची कीर्ती भारतभर आहे ती याच रोगावर, आणि संस्कृत वैद्यकातही कुटज अतिसाराचेच औषध आहे. अंगुत्तर निकायातील गिरिमानंदसुत्तात रोगांची लांबलचक यादी आहे. तीत 'कुच्छिरोग' आहे, 'सूल' आहे, 'विसूचिका' आहे. 'सूल' या एका शब्दात पोटातील व्रणाची वेदनाही कधी सामावली असेल. परंतु एवढ्यावरून निदान करता येत नाही. अन्न पचते वेळी उठणाऱ्या शूळाला 'परिणामशूल' हे वेगळे नाव देऊन त्याची लक्षणे सांगण्याचे काम माधवनिदानासारख्या नंतरच्या संस्कृत ग्रंथांनी केले. तेव्हा बुद्धांनी अल्सरवर पान सांगितले, हे विधान पाठाच्या आधाराने करता येत नाही. ते आपण करू नये. ज्यांच्या प्रत्येक पुराणात विमान आणि अणुबाँब सापडतो, त्यांच्या पंक्तीला जाऊन बसण्याचे आपल्याला कारण नाही.

याउलट जी गोष्ट पाठात निःसंशय आहे ती अधिक महत्त्वाची आहे. संयुत्त निकायातील सीवकसुत्तात मोळियसीवक परिव्राजकाने विचारले की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते बरोबर आहे काय? तथागतांनी ते मत अमान्य केले. पित्त, कफ, वात, तिघांचा संनिपात, ऋतूचा पालट, विषम वागणूक, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे त्यांनी सांगितली आणि सर्व काही एका शेवटच्या कारणावर ढकलणारे लोक प्रत्यक्ष अनुभव आणि जगात सत्य मानलेले यांच्या पलीकडे जातात, असा अभिप्राय दिला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर जी टीका केली, तिच्याशी हे सुत्त जुळते. यातील 'विषम वागणूक', पालीत 'विसमपरिहार', हा शब्द पोटाच्या विकारासंबंधी विचार करताना मला फार उपयोगी वाटतो. अवेळी खाणे, उपाशी कष्ट, तंबाखू, मद्य, वाटेल तशा वेदनाशामक गोळ्या हे सर्व त्यात बसते. रोग हा पापाचे फळ नसेल तरच त्याचे कारण शोधता येते.

आणि कारण शोधले गेले. जठरातील व्रण हा काळजीने व तिखटाने होतो, असा समज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वैद्यकातही होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली रुग्णांच्या जठरातील 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जीवाणू वेगळा काढून वाढविला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जीवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराला दाह ओढवून घेतला. दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज बहुसंख्य व्रणांची दोन मुख्य कारणे मानली जातात. हा जीवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. या गोळ्या जठराच्या अस्तरावरील संरक्षक श्लेष्मा टिकवून ठेवणाऱ्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. जीवाणू असल्यास प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध ठरावीक दिवस घेऊन रोग मुळातून जातो.

मग पानांचे काय? प्रयोग झाले आहेत. 'प्लांटा मेडिका' या नियतकालिकात १९९३ साली कडूनिंबाच्या पानांच्या अर्कावरील एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. उंदरांना ताण देऊन अथवा अल्कोहोल पाजून जठरात व्रण निर्माण केले असता, आधी अर्क दिलेल्या उंदरांत इजा कमी आढळली आणि ताण दिलेल्या उंदरांच्या जठरातील श्लेष्म्याचा थर वाढलेला दिसला. कोलकात्याच्या संशोधकांनी २००४ साली निंबाच्या सालीच्या अर्काचा माणसांवर प्रयोग केला. दिवसातून दोनदा ३० मिलिग्रॅम याप्रमाणे १० दिवस दिल्यावर जठरातील आम्लाचे प्रमाण सुमारे ७७ टक्क्यांनी घटले. रुग्णसंख्या लहान होती. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. पहिला प्रयोग पानाचा पण उंदरावर, दुसरा माणसावर पण सालीचा. विनयकारांनी 'पण्ण' आणि 'कसाव' हे दोन गट वेगळे ठेवले आहेत. आपण मात्र वर्तमानपत्रातील मथळा वाचून दोन्ही एकत्र करतो आणि सकाळी मूठभर पाला चघळतो. प्रयोगशाळेतील अर्क मोजून, गाळून, सुकवून केलेला असतो. त्याचा आणि घरच्या पाल्याचा मेळ लागत नाही. आधी दिलेल्या अर्काने इजा कमी होणे ही एक गोष्ट. झालेला व्रण भरून येणे ही दुसरी. जीवाणू नाहीसा होणे ही तिसरी.

पोटात आग पडते म्हणून महिनोन्महिने पाला घेत बसलेल्या आणि शौचास काळे डांबरासारखे होऊ लागले तरी दवाखान्यात न गेलेल्या माणसाला महावग्गाचा आधार मुळीच मिळत नाही. रुग्णसेवकाचे पाच गुण त्याच महावग्गात दिले आहेत. त्यांत औषध तयार करता येणे हा पहिला आणि काय हितकर, काय अहितकर हे ओळखून हितकर तेच जवळ आणणे हा दुसरा.

या प्रदेशाचा धम्माशी संबंध १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला झालेल्या दीक्षा-समारंभाने नव्याने जोडला गेला. जुना संबंध किती मागे जातो याचा एक पुरावा नागभीड परिसरातील देवटेक येथील शिलालेख आहे. त्यावरील जुन्या ब्राह्मी ओळींत प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई आहे. वा. वि. मिराशी यांनी ती आज्ञा अशोकाच्या धर्ममहामात्राची असावी असा तर्क केला. त्याच शिळेवर पुढे वाकाटक रुद्रसेनाने आपला लेख कोरविला. अशोकाच्या दुसऱ्या शिलाशासनात माणसांच्या आणि जनावरांच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचे सांगितले आहे. सिंदेवाहीच्या रानात अशोकाला काही लावावे लागले असेल असे वाटत नाही. कडूनिंब, कुडा, करंज, बेल, हिरडा, बेहडा, आवळा ही झाडे तेथे आपली आपण उभी आहेत. तक्षशिलेच्या आचार्यांनी जीवकाला एक योजन परिसरात औषधी नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला, ही कथा येथे घडली असती तरी निकाल बदलला नसता.

परंतु पान तोडणार कोण? पाचित्तियाच्या अकराव्या नियमाने भिक्खूला वनस्पतीचा नाश करता येत नाही. म्हणजे विहारात पोहोचलेले प्रत्येक निंबाचे पान आणि कुड्याची प्रत्येक साल कोणा गृहस्थाने, आरामिकाने किंवा रानात राहणाऱ्या माणसाने आणून दिलेली होती. कोणते पान, कोणत्या ऋतूत, कोवळे की जून, हे त्याला ठाऊक होते. विनयाने ज्ञान नोंदविले. मिळविले ते त्याने. भेसज्जक्खंधकात त्याचे नाव नाही. सिंदेवाहीच्या भागातील गोंड, माना, ढिवर आणि आपले पूर्वज यांच्यापैकी किती जणांचे ज्ञान असे निनावी गेले असेल, याचा विचार आपल्या अभ्यासकांनी करावयास हवा. १९९५ पासून युरोपात निंबाच्या बुरशीनाशक अर्काच्या एकस्वावर खटला चालला आणि २००० साली ते एकस्व रद्द झाले, तेव्हा भारतातील शेतकऱ्यांना हे आधीपासून माहीत होते हाच मुद्दा निर्णायक ठरला.

या रानातून सर्वांत अधिक बाहेर जाणारे पान मात्र औषधाचे नाही, तेंदूचे आहे. उन्हाळ्यात ते पुड्यांनी बांधून जाते आणि त्याच्यात तंबाखू गुंडाळून त्याची विडी होते. धूम्रपानाने जठरातील व्रण भरून येण्यास वेळ लागतो आणि तो उलटण्याचा संभव वाढतो. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याखाली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपानाचे हातचे उत्पन्न सोडावयाचे ठरविले. पानासाठी झाडे छाटावी लागतात, आगी लावल्या जातात आणि विडीने माणसाचे नुकसान होते, अशी कारणे त्यांनी दिली. पाने झाडावरच राहू दिल्याने आता तेथील तेंदूला फळे धरतात, आणि ती गावातली माणसे खातात.